‘तुझ्यासाठीच केले!’

गीतरामायणाची ओळख मराठी घराला करून देण्याचे वास्तविक कारण नाही. तथापि आज आठवी-नववीत असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांसाठी एवढे सांगून ठेवते, की १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीने त्यातील पहिले गीत प्रसारित केले आणि पुढील वर्षभरात आठवड्यामागून आठवडे अशी ५६ गीते मराठी मुलखाने ऐकली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. दोघांचाही जन्म १९१९ सालचा. फडके तर निपाणीच्या शेजारच्या कोल्हापूरचे. शेवटचे गीत १९५६ च्या एप्रिलमध्ये झाले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव-निपाणीचा हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, तरी गाणे येथून गेले नाही. पुढे ही गीते कानडीत उतरली, कोकणीतही उतरली. आणि आमच्या स्नेहसंमेलनात त्यांपैकी एखादे झाले नाही असे वर्ष मला आठवत नाही.

या छप्पन्न गीतांपैकी एक सुरू झाले, की पालकांच्या रांगांत किंचित चुळबूळ होते असे मी पाहत आले आहे. ‘माता न तू, वैरिणी’ हे ते गीत. आजोळहून परत आलेला भरत आपल्या जन्मदात्या आईशी बोलतो आहे, आणि काय बोलतो ते गीताच्या नावातच आले. ज्या भाषेने साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घरोघर पोचविली, त्याच भाषेने आईला वैरीण म्हणणाऱ्या मुलाचे हे गीतही तितक्याच प्रेमाने कंठस्थ केले आहे. एरवी मुलाने आईला एक शब्द उलट बोललेला आपल्याला खपत नाही. मग भरताचे हे बोलणे आपण निमूटपणे, नव्हे, टाळ्या वाजवून कसे ऐकतो?

कैकेयी दुष्ट होती, म्हणून; असे उत्तर वर्गात हटकून येते. ते सोपे आहे, पण वाल्मीकींना मान्य होण्यासारखे नाही. रामाच्या अभिषेकाची वार्ता मंथरेने आणली तेव्हा कैकेयी प्रथम आनंदली आणि तिने मंथरेला अलंकार बक्षीस दिला, असे वाल्मीकिरामायण सांगते. राम आणि भरत यांत मला भेद वाटत नाही, असेच ती त्या वेळी म्हणते. मंथरेने तिच्या मनात घातले ते भय होते. राम गादीवर आला की भरताचे काय होईल? तू कौसल्येची दासी होशील, तुझा मुलगा देशोधडीला लागेल! हे ऐकून कैकेयी फिरली. म्हणजे तिच्या हातून जे घडले, त्याच्या मुळाशी आईचीच काळजी होती. आणि भरत परत आल्यावर त्याचे वडील निवर्तल्याची आणि भाऊ वनात गेल्याची हकीकत सांगून ती वर मोठ्या विश्वासाने म्हणते, की हे सर्व मी तुझ्यासाठीच केले, आता तू राज्य स्वीकार. मुलगा आनंदित होईल, आपल्या पाया पडेल, अशीच तिची अपेक्षा असावी.

मला या सर्व कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते तो भरत अयोध्येत नव्हताच. त्याला कोणी काही विचारले नाही. त्याला आणावयास दूत गेले तेही काही न सांगता. त्याच्या आयुष्याचा निकाल झाला, पुढील चौदा वर्षांची व्यवस्था लागली, आणि ती करणाऱ्या आईला आपल्या मुलाला काय हवे आहे याची पुसटशी कल्पना नव्हती.

आता वाचकहो, अयोध्येहून आपल्या गावात या. एस.एस.एल.सी.चा निकाल लागतो आणि आठवडाभरात मुलगा अगर मुलगी कोठे जाणार याचा निर्णय होऊन जातो. निर्णय करणारे वडील असतात, आई असते, पुण्याहून दूरध्वनीवर बोलणारे मामा असतात, आणि मंथरेची भूमिका करावयास कोणी ना कोणी मिळतोच. एखाद्या लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ सहज विचारतात, ‘‘काय, आर्ट्सला घालताय? आमच्या मेव्हण्याच्या मुलाने सायन्स घेतले, आता बंगळूरला आहे.’’ बस्स, एवढे पुरते. रात्री झोप येत नाही आणि सकाळी अर्ज भरला जातो. मुलगा त्या वेळी कोठे असतो? कॅरम खेळत असेल, नाहीतर खरोखरच आजोळी गेलेला असेल!

येथे पालकवर्गाने रागावू नये. या भयाला आधार नाही असे मी म्हणत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला या राज्यात कानडीत कामकाज करावे लागते, परीक्षा इंग्रजीत द्याव्या लागतात, नोकरीसाठी पुण्या-मुंबईस नाहीतर बंगळूरला जावे लागते. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत ज्या बायांनी आयुष्य काढले, दिवसभर विड्या वळून ज्यांची बोटे वाकडी झाली, त्यांनी आपल्या मुलीला ‘तू शीक, या धुरळ्यात येऊ नकोस’ असे म्हटले, तर त्यात कोणते पाप? त्या आईला मी कैकेयी म्हणणार नाही. परंतु हेही दिसते, की ज्या घरातील आजोबांनी मराठीसाठी सत्याग्रह केला आणि तुरुंगवास सोसला, त्याच घरातील नातू आज सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेला जातो. आजोबांनी ते मुलांसाठी केले होते. मुलांनी हे नातवासाठी केले. नातवाला दोन्ही वेळी कोणी विचारलेले नाही. यात कोणाची बाजू घ्यावी हा माझ्या लेखाचा विषय नाही, आणि मराठी शाळेच्या वार्षिकात लिहिताना माझी बाजू कोणती हे सांगण्याची आवश्यकताही नसावी.

माझे स्वतःचे सांगावयाचे तर माझी मातृभाषा कोकणी. आमच्या घरात बोलणे कोकणीत आणि वाचणे मराठीत, अशी जुनी वाटणी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील अनेक घरांतून मुलांना मराठी शाळेत घालीत आणि पुढे इंग्रजी शिक्षणासाठी घाट चढवून बेळगावला धाडीत. आमचे घरही त्यांतलेच. आई आणि बाप या दोघांना मिळून आमच्या भाषेत ‘आवयबापूय’ असा जोडशब्द आहे. त्यातला एक जर एकदा निर्णय करून बसला, तर दुसरा तो बदलीत नसे, इतका तो शब्द सांधलेला! मराठीतून शिकावे की नाही, हे मला कोणी विचारले नव्हते. निवड वडीलधाऱ्यांची होती आणि ती मला लाभली. तिच्याच बळावर आज चार अक्षरे लिहिते आहे. तेव्हा न विचारता केलेली प्रत्येक गोष्ट वाईटच ठरते, असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही. तरीही लाभलेली निवड आणि विचारून केलेली निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत नशिबाचा वाटा फार.

हिंदी चित्रपटातील ‘पापा कहते हैं’ हे गाणे आमच्या विद्यार्थ्यांच्या आईवडिलांनी आपल्या तरुणपणी नक्कीच गुणगुणले असेल. ‘कयामत से कयामत तक’ हा चित्रपट १९८८ चा. गायक उदित नारायण. मुलगा मोठे नाव करील असे वडिलांना वाटते, आणि मुलाला मात्र आपण कोठे निघालो आहोत ते अजून ठाऊक नाही, असा त्या गाण्याचा साधारण आशय. हे गाणे लिहिणारे मजरूह सुलतानपुरी त्या वेळी सत्तरीच्या घरात होते, हे पुष्कळांना माहीत नसते. तेही १९१९ चेच. त्यांच्या वडिलांनी त्यांना इंग्रजी शाळेत न घालता मदरशात घातले. अरबी-फारसी शिकून मजरूह युनानी वैद्यकाकडे वळले, काही काळ हकिमी केली, आणि मग नाडी सोडून शायरीत आले. पाहा, येथेही पुन्हा माध्यमाचाच प्रश्न, आणि उत्तर वडिलांचे! त्या उत्तरातून मिळालेली भाषा घेऊनच मुलगा वडिलांनी न योजलेल्या वाटेने निघून गेला. माझ्या मते त्या गाण्यात कटुता नाही याचे एक कारण हेही असेल.

पश्चिमेकडे याच विषयावरचे प्रसिद्ध गाणे म्हणजे कॅट स्टीव्हन्स यांचे १९७० सालचे ‘फादर अँड सन’. त्यात बाप आणि मुलगा आळीपाळीने बोलतात. गायक एकच, बापासाठी आवाज खाली, मुलासाठी वर. मुलाला घर सोडून जावयाचे आहे आणि बाप त्याला थांबावयास सांगतो. लक्ष देऊन ऐकले म्हणजे ध्यानात येते, की ते एकमेकांना उत्तरच देत नाहीत. प्रत्येकजण आपापले बोलत राहतो. स्टीव्हन्स त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे पन्नास वर्षांनी, २०२० साली, त्यांनी तेच गाणे पुन्हा काढले. तेव्हा बापाचे शब्द त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आवाजात गायिले आणि मुलाच्या शब्दांसाठी स्वतःचाच १९७० चा जुना आवाज ठेवला. गायकाने वयाची दोन्ही टोके गाठली, पण गाण्यातील बाप-लेकांची भेट तरीही झालीच नाही.

या दोन गाण्यांपुढे गीतरामायणातील गीत ठेवले, की त्याचे वेगळेपण दिसते. त्या दोन्ही गाण्यांतील मुलाला आईबाप देतात त्याहून काही निराळे हवे आहे. भरताला काहीच नको आहे. त्याला राज्य मिळालेले आहे, फुकट मिळालेले आहे, आणि तो ते नाकारतो आहे. आईवर तो उखडला आहे तो आपल्याला कमी मिळाले म्हणून नव्हे. दुसऱ्याचे काढून आपल्याला दिले गेले, आणि आपल्याला हे आवडेल असे आईने गृहीत धरले, ही त्याची वेदना. म्हणूनच आपण त्याला क्षमा करतो. आमच्या वर्गात भरताचा दाखला देणारे वीर पुष्कळ आहेत. ‘‘बाई, भरतसुद्धा आईला बोलला होता,’’ असे मला ऐकविण्यात आले आहे. प्रसंग भ्रमणध्वनी काढून घेतल्याचा होता. त्या विद्यार्थिमित्रास मी एवढेच विचारले, की भरताने बोलणे झाल्यावर पुढे काय केले ते ठाऊक आहे का? त्याला पादुका ठाऊक होत्या. नंदिग्राम ठाऊक नव्हते. भरत अयोध्येत राहिला नाही. गावाबाहेर नंदिग्रामात वल्कले नेसून, जटा वाढवून राहिला आणि तेथून चौदा वर्षे त्याने राज्याचा सारा कारभार पाहिला. आईच्या देणगीतील मानाचा भाग त्याने टाकला आणि कष्टाचा तेवढा घेतला. आईवडिलांशी भांडू पाहणाऱ्या मुलाने आधी नंदिग्रामाचा पत्ता विचारून घ्यावा हे बरे.

तथापि भरताचा तो क्रोध निर्दोष होता, असेही रामायण म्हणत नाही, आणि हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चित्रकूटावर राम भरताला निरोप देताना कैकेयीचे रक्षण कर, तिच्यावर रोष धरू नकोस, असे बजावतो. गीतरामायणातही ‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ हे गीत नेमके भरतालाच उद्देशून आहे, आणि त्यात राम कैकेयी व दशरथ या दोघांनाही दोषातून मोकळे करतो. आपण ते गीत कोणाच्या निधनानंतर, दुःखाच्या प्रसंगी लावतो. पण मुळात ते एका मुलाचा आईवरचा राग उतरविण्यासाठी गायिलेले आहे! त्या रागाचा परिणाम किती झाला? त्यानंतर पादुका मागताना भरताचे जे गीत येते ते ‘तात गेले, माय गेली’. वडील खरोखरच गेले होते. आई जिवंत होती. तरी भरताने तिची गणना गेलेल्यांत करून टाकली आणि स्वतःला पोरका म्हणविले. रामाचे समजावणे ऐकूनही मुलगा तेथवर आला नाही. मला गीतरामायणातील सर्वांत करुण जागा हीच वाटते, आणि ती दाखविताना माडगूळकरांनी एका अक्षराचेही भाष्य केलेले नाही.

आणि कैकेयी? दशरथाकडे वचन मागताना तिच्या तोंडी एक गीत आहे. भरत तिला वैरीण म्हणतो त्यानंतर मात्र तिला उत्तराचे गीत नाही. गीत संपते आणि कथा चित्रकूटाकडे निघून जाते. रंगमंचावर आमचा भरत तावातावाने गातो तेव्हा त्याच्यासमोर कैकेयी झालेली मुलगी खाली मान घालून उभी असते. तिला करण्यासारखे काही नसते.

यंदा नववीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी हेच काम दिले होते: कैकेयीचे उत्तर लिहा. बहुतेकांनी तिला रडविले आणि क्षमा मागावयास लावली. काहींनी सारा दोष मंथरेवर टाकला. निपाणीकडून येऊन आपल्या मावशीकडे शिकणाऱ्या एका मुलीने मात्र अवघी सहा ओळींची वही दिली. तिची कैकेयी रडत नव्हती. ती भरताला म्हणत होती, की मला काय हवे होते हे तू मला विचारले नाहीस, तुझ्या वडिलांनी विचारले नाही, माझ्या वडिलांनीही विचारले नाही. मग मी तुला कसे विचारणार, ते मला कोणी शिकविले होते?

मी ती वही दोनदा वाचली. हीच कैकेयी देवासुरांच्या युद्धात दशरथाबरोबर रणात गेली होती आणि बेशुद्ध पडलेल्या पतीला तिने तेथून बाहेर काढून वाचविले होते. ते दोन वर त्याच पराक्रमाचे. एवढ्या कर्तबगार स्त्रीला त्या वरांचे स्वतःसाठी काय मागावे हे वर्षानुवर्षे सुचले नाही. सुचले तेव्हा मुलाच्या नावाने सुचले. आपल्या आसपासच्या किती आयांचे असेच झाले आहे, हे मी लिहिण्याची गरज नाही. त्यांची सारी हौस, सारी बुद्धी, अपुरे राहिलेले शिक्षण, सगळे एकाच मुलाच्या खात्यावर जमा होते, आणि मग त्या मुलाने ‘मला नको’ म्हटले की त्यांच्यापाशी दुसरे काही उरत नाही. विद्यार्थिमित्रांनो, ‘तुझ्यासाठीच केले’ हे वाक्य घरात ऐकू आले की तुम्हांस कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. पुढच्या वेळी कंटाळण्यापूर्वी एकदा आईला विचारून पाहा, की तुझ्या वयाच्या चौदाव्या वर्षी तुला काय व्हावयाचे होते. ती प्रथम ‘काही नाही’ म्हणेल. तरी थांबा. वडिलांनाही विचारावे, ते बहुधा वर्तमानपत्र वर करतील.

पालकांसही एक विनंती आहे. आमच्या पालकसभेला फक्त पालक येतात आणि मुलांविषयी जे काही बोलणे व्हावयाचे ते मुलांच्या पाठीमागे होते. मुले त्या वेळी मैदानावर असतात. येत्या जानेवारीत दहावीच्या पालकांची जी सभा भरेल, तिला मुलांनाही पालकांच्या शेजारी बसवावे आणि पुढे काय घ्यावयाचे हा प्रश्न शिक्षकांनी प्रथम मुलाला, नंतर पालकाला विचारावा, अशी सूचना मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. सभा नेहमीप्रमाणे शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकराला असेल. ज्यांना वखारीतून अगर शेतातून वेळेवर येणे जमणार नाही, त्यांच्यासाठी आम्ही काही शिक्षक एक वाजेपर्यंत थांबणार आहोत.